गिटमध्ये एकाच फाइलमधील दोघांचे बदल एकत्र करताना: पूर्वतयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गिट म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्यात दोघांचे बदल एकत्र करणे म्हणजे मर्ज, आणि दोघांचे बदल एकाच जागी आल्याने गिट निर्णय आपल्यावर सोडते तो कॉन्फ्लिक्ट. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला की आमच्याकडे नव्याने आलेले बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो असा: "माझं ठेवू की त्यांचं?" चुकीला सुरुवात या प्रश्नापासूनच होते. मर्ज करताना विचारात घ्यायच्या आवृत्त्या दोन नसून तीन असतात: दोघांनी जिथून काम सुरू केले ती मूळ आवृत्ती, तुमची आवृत्ती आणि सहकाऱ्याची आवृत्ती. मुळापासून तुम्ही काय बदलले आणि मुळापासून त्यांनी काय बदलले, हे दोन्ही समजल्यावरच अंतिम ओळ लिहिता येते, आणि ती ओळ अनेकदा दोघांपैकी कोणाच्याही फाइलमध्ये जशीच्या तशी नसते.

या लेखातील उदाहरण आमच्या रोजच्या कामातले आहे. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या कार्यालयात आम्ही काही जण करवीर आणि राधानगरी तालुक्यांतील दूध संस्थांसाठी दूधबिलाची प्रणाली सांभाळतो. उत्पादकाचे दर दहा दिवसांचे बिल काढताना त्यातून पशुखाद्य, उचल अशा कपाती होतात. एकदा एकाच ओळीत दोघांनी बदल केले आणि कॉन्फ्लिक्ट आल्यावर घाईत एकाच बाजूची फाइल उचलली गेली. जनावर विम्याची कपात बिलातून निघून गेली, ती पुढच्या बिलात दुप्पट घ्यावी लागली आणि त्याचे कारण संस्थेच्या सचिवांना घरोघरी सांगत बसावे लागले. मर्जमधील चूक संगणकावर क्षणात होते. तिचा त्रास मात्र ज्याचा संगणकाशी संबंधही नाही अशा माणसाला होतो, म्हणून हा क्रम इतक्या तपशिलात लिहीत आहे.

लेखातील आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीतच टंकावेत.

## टप्पा १: एकदाच करायची मांडणी

ही मांडणी प्रत्येक संगणकावर एकदा करावी लागते, आणि नेमकी हीच वगळली जाते.

मूळ आवृत्ती दिसू द्या. गिट नेहमीच्या मांडणीत कॉन्फ्लिक्टच्या ठिकाणी फक्त दोन बाजू दाखवते. तिसरी, म्हणजे मुळातली ओळ दिसण्यासाठी हा आदेश द्यावा:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३`

गिटची आवृत्ती २.३५ किंवा त्यापुढची असेल, तर डिफ३ ऐवजी झेडडिफ३ ठेवता येते. त्यात दोन्ही बाजूंनी सारख्याच असलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढल्या जातात आणि वाचण्याचा भाग लहान होतो. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ही मांडणी घ्यावी.

ओळींचे शेवट सारखे करा. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगवेगळ्या अक्षरांनी करतात. एकाच्या एडिटरने सगळे शेवट बदलले, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नसताना पूर्ण फाइल कॉन्फ्लिक्टमध्ये जाते. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास असलेल्या फोल्डरच्या) मुळाशी .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ही फाइल ठेवून तिच्यात `* टेक्स्ट=ऑटो` ही ओळ घालावी. जुन्या फाइलींसाठी `गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .` एकदा चालवून त्याची स्वतंत्र कमिट (बदलांची नोंद) करावी, आणि तीही सगळ्यांच्या ब्रँच (कामाच्या स्वतंत्र वाटा) मर्ज होऊन मोकळ्या झाल्या असतील त्या दिवशीच करावी.

देवनागरी नावांची फाइल नीट दिसू द्या. गिट स्टेटसमध्ये मराठी नावाच्या फाइलऐवजी तिरप्या रेघा आणि आकड्यांची रांग दिसते. `गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स` दिल्यावर नाव वाचता येते. कॉन्फ्लिक्ट कोणत्या फाइलमध्ये आहे हेच वाचता आले नाही, तर पुढचे सगळे अंदाजाने होते.

> इशारा: एडिटर फाइल जतन करताना आपोआप सगळी रचना बदलत असेल, तर ती सोय संपूर्ण गटाने एकाच पद्धतीने चालू ठेवावी किंवा सगळ्यांनी बंद ठेवावी. एकाची चालू आणि दुसऱ्याची बंद असेल, तर दोन ओळींच्या बदलाचे दोनशे ओळींचे कॉन्फ्लिक्ट होतात.

## टप्पा २: मर्जच्या आधीची सफाई

प्रथम `गिट स्टेटस` पाहावे. कमिट न केलेला एकही बदल शिल्लक नसावा. असल्यास तो कमिट करावा किंवा `गिट स्टॅश` वापरून बाजूला ठेवावा.

येथे एक गैरसमज आहे. ज्या फाइलींना मर्जचा धक्का लागणार आहे, त्यांत अर्धवट बदल असतील तर गिट मर्ज करण्यास नकार देते. त्यामुळे गिट आपल्याला नेहमीच अडवेल असे लोक धरून चालतात. परंतु अर्धवट बदल इतर फाइलींत असतील, तर मर्ज सुरू होते, आणि नंतर ते रद्द करावे लागले तर तुमचे ते न नोंदलेले बदल पूर्ववत मिळतीलच याची खात्री राहत नाही.

त्यानंतर `गिट फेच` करून सर्व्हरवरील ताजे बदल आणावेत. आपल्या संगणकावरील मेन, म्हणजे सगळ्यांच्या कामाची सामाईक ब्रँच, आठवडाभर जुनी असू शकते, म्हणून मर्ज नेहमी ओरिजिन/मेन या सर्व्हरवरील मेनच्या ताज्या प्रतीशी करावे. थेट `गिट पुल` करू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्यात आणणे आणि मिसळणे एकाच आदेशात उरकले जाते व मध्ये थांबून पाहण्याची संधी राहत नाही.

## टप्पा ३: दोन्ही बाजू वाचणे

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथे दिलेली १० मिनिटे पुढचे तास वाचवतात. आपल्या ब्रँचवर उभे राहून क्रमाने दोन आदेश द्यावेत:

`गिट डिफ ओरिजिन/मेन...हेड`

`गिट डिफ हेड...ओरिजिन/मेन`

हेड म्हणजे तुमच्या ब्रँचचे सध्याचे टोक. पहिल्यात मुळापासून तुम्ही केलेले बदल दिसतात, दुसऱ्यात मुळापासून मेनमध्ये झालेले. मधले तीन टिंब महत्त्वाचे आहेत. तीनऐवजी दोन टिंब दिले, तर गिट दोन टोकांची थेट तुलना करते, आणि मग सहकाऱ्याने नव्याने लिहिलेली ओळ तुम्ही खोडल्यासारखी दिसते. हे पाहून घाबरून ती ओळ हाताने पुन्हा टंकणारे, आणि त्यातून खरोखरचा कॉन्फ्लिक्ट तयार करणारे सहकारी मी पाहिले आहेत.

दोन्ही यादी वाचताना ज्या फाइली दोन्हींत आहेत त्यांची नावे कागदावर लिहावीत. प्रत्येकीपुढे, सहकाऱ्याने हा बदल कशासाठी केला असावा, ते एका वाक्यात लिहावे. लिहिता येत नसेल, तर मर्ज सुरू करण्याआधी त्यांना विचारावे. आमच्या उदाहरणात हा कागद असा झाला असता: "कपात: मी विमा जोडला, त्यांनी रक्कम दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केली."

> तपासणी: स्टेटस स्वच्छ आहे, फेच झाले आहे, आणि दोन्ही बाजूंचा हेतू तुम्हाला शब्दांत सांगता येतो. तिन्ही गोष्टी झाल्या असतील तरच पुढे जावे.

## टप्पा ४: मेन आपल्या ब्रँचमध्ये आणणे

आधी मेनमधील बदल आपल्या ब्रँचमध्ये आणावेत, तेथे कॉन्फ्लिक्ट सोडवावेत, चाचणी घ्यावी, आणि त्यानंतरच आपली ब्रँच मेनमध्ये न्यावी. उलट क्रमाने, म्हणजे मेनवर उभे राहून कॉन्फ्लिक्ट सोडवत बसल्यास, अर्धवट समजलेला निर्णय थेट सगळ्यांच्या वाटेवर जाऊन पडतो.

`गिट मर्ज ओरिजिन/मेन`

कॉन्फ्लिक्ट नसेल तर गिट स्वतःच मर्जची कमिट करते, आणि बरेच जण येथेच काम संपले असे समजतात. ते संपलेले नसते. टप्पा ७ त्यांच्यासाठीही आहे.

कॉन्फ्लिक्ट असेल तर पुन्हा `गिट स्टेटस` पाहावे. "बोथ मॉडिफाइड" म्हणजे दोघांनी बदललेली फाइल. "डिलीटेड बाय देम" म्हणजे त्यांनी काढून टाकलेली, परंतु तुम्ही बदललेली फाइल. या दुसऱ्या प्रकारात फाइल ठेवावी की काढावी एवढाच प्रश्न नसतो. त्या फाइलमधील मजकूर त्यांनी दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये हलवला असण्याची शक्यता असते, आणि तसे असल्यास तुमचा बदल त्या नव्या जागी न्यावा लागतो.

## टप्पा ५: खुणा वाचून ओळ नव्याने लिहिणे

आमच्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट असा दिसला असता:

```
<<<<<<< हेड
कपात = पशुखाद्य + उचल + विमा
||||||| मूळ
कपात = पशुखाद्य + उचल
=======
कपात = राउंड(पशुखाद्य + उचल, २)
>>>>>>> ओरिजिन/मेन
```

वाचण्याचा क्रम वरून खाली नाही. आधी मधली, मुळातली ओळ वाचावी. मग तिच्यापासून वरच्या ओळीपर्यंत काय बदलले ते पाहावे: विमा वाढला. मग मुळापासून खालच्या ओळीपर्यंत काय बदलले ते पाहावे: पूर्णांकन आले. दोन्ही बदल मुळावर लावले की उत्तर मिळते:

```
कपात = राउंड(पशुखाद्य + उचल + विमा, २)
```

ही ओळ वर किंवा खाली कोठेच नव्हती. वरची ठेवली असती तर पैशांचे तुकडे उरले असते, खालची ठेवली तर विमा गेला असता, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या असत्या तर दुसऱ्या ओळीने पहिलीला पुसून टाकले असते व फाइल मात्र बिनतक्रार चालली असती. तिसरी चूक सर्वांत घातक असते, कारण एडिटरमधील "दोन्ही स्वीकारा" हे बटण वापरणाऱ्याला आपण कोणाचेच नुकसान केले नाही असे वाटते.

मुळातली ओळ दिसण्याची मांडणी करायची राहून गेली असेल, तर मर्ज चालू असतानाही `गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ३` आणि पुढे फाइलचे नाव देऊन खुणा नव्याने मांडता येतात. मात्र त्या फाइलमध्ये तोवर हाताने सोडवलेला भाग पुसला जातो, म्हणून हा आदेश सोडवायला बसण्याआधीच द्यावा.

> इशारा: `गिट चेकआउट --अवर्स` किंवा `--देअर्स` हे आदेश पूर्ण फाइल एका बाजूची घेतात. फाइलमधील जे बदल गिटने विनातक्रार एकत्र केले होते, तेही त्यांत नाहीसे होतात. आमची विम्याची कपात अशीच गेली. `-एक्स अवर्स` हा पर्याय फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी तुमची बाजू घेतो, तर `-एस अवर्स` समोरच्या ब्रँचचा सगळाच मजकूर टाकून देतो. एका अक्षराचा फरक आहे, परिणाम मात्र पूर्ण वेगळा आहे. शिवाय रीबेस करताना अवर्स आणि देअर्स यांचे अर्थ उलटे होतात, कारण तेथे तुमच्या कमिट दुसऱ्या ब्रँचवर नव्याने रचल्या जात असतात.

गुंता वाढला, किंवा सहकाऱ्याला विचारल्याशिवाय निर्णय होणार नाही असे लक्षात आले, तर `गिट मर्ज --एबॉर्ट` देऊन मर्जपूर्व स्थितीत परतावे. टप्पा २ नीट केला असेल तर काहीही हरवत नाही. परतण्यात कमीपणा मानून अंदाजाने पुढे रेटलेली मर्जच नंतर दुरुस्त करायला सर्वांत अवघड जाते.

### काही फाइली वेगळ्या वागतात

दरपत्रक एक्सेलच्या फाइलमध्ये असेल, तर गिट ते ओळीनुसार एकत्र करू शकत नाही. तुमची प्रत तशीच ठेवून फक्त कॉन्फ्लिक्ट असल्याचे सांगते. फॅट आणि एसएनएफनुसार (दुधातील स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थांनुसार) दराचे कोष्टक सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवावे, म्हणजे प्रत्येक बदल ओळीवर दिसतो. सीएसव्हीतही दोघांनी शेवटी नव्या ओळी जोडल्या तर कॉन्फ्लिक्ट येतोच, कारण दोघांनी एकाच जागी भर घातलेली असते. तेथे दोन्ही ओळी ठेवणे सहसा योग्य असते, परंतु क्रम आणि दुबार नोंद तपासावी.

मराठी मजकुराच्या फाइलींत एक अडचण येते, जी इंग्रजीतील कोणत्याही मार्गदर्शनात मला सापडली नाही. "शेतकऱ्याचे नाव" हा मजकूर दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखा दिसतो आणि तरीही गिट कॉन्फ्लिक्ट दाखवते. कारण "ऱ्य" दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ऱ या अक्षराने, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. पायथनमध्ये लेन वापरून "शेतकऱ्याचे" या शब्दाची लांबी पाहिल्यास पहिल्या प्रकारात १० येते, दुसऱ्यात ११. गटाने एकच कळफलक आणि एकच पद्धत ठरवावी. नेहमीचे युनिकोड नॉर्मलायझेशन करून हा फरक मिटत नाही, त्यामुळे जुने शब्द शोधून बदलावे लागतात, आणि तो बदल स्वतंत्र कमिटमध्येच करावा.

तसेच लांबलचक मराठी सूचना एकाच ओळीत लिहिल्या, तर एका शब्दाच्या बदलासाठी पूर्ण परिच्छेद कॉन्फ्लिक्टमध्ये जातो. प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहिण्याची सवय लावावी. तोवर `गिट डिफ --वर्ड-डिफ` वापरून नेमका कोणता शब्द बदलला ते पाहता येते.

## टप्पा ६: उरलेल्या खुणा शोधणे

सोडवून झाल्यावर लगेच `गिट अ‍ॅड` करू नये. गिट अ‍ॅड फाइल सोडवली आहे असे तुमच्या शब्दावर मानते. आत खुणा शिल्लक आहेत का, हे ती पाहत नाही. आधी हे द्यावे:

`गिट डिफ --चेक`

फाइलमध्ये एखादी खूण उरली असेल, तर तिची ओळ हा आदेश सांगतो. अ‍ॅड केल्यानंतर आठवले, तर `गिट डिफ --कॅश्ड --चेक` वापरावे. सीएसव्ही आणि मजकुराच्या फाइलींत याचे महत्त्व अधिक आहे, कारण प्रोग्रॅममध्ये उरलेली खूण तो चालवताना लगेच त्रुटी देते, पण दरपत्रकात उरलेली खूण एखादी विचित्र नोंद म्हणून मुकाट वाचली जाऊ शकते.

## टप्पा ७: न दिसलेला कॉन्फ्लिक्ट

गिट ओळींची तुलना करते. ओळींचा अर्थ तिला कळत नाही. समजा, सहकाऱ्याने दर काढणाऱ्या फंक्शनमधील क्रम "फॅट, एसएनएफ" ऐवजी "एसएनएफ, फॅट" असा केला आणि जुन्या सगळ्या जागी तो दुरुस्तही केला. त्याच काळात तुम्ही वेगळ्या फाइलमध्ये त्या फंक्शनला जुन्या क्रमाने एक नवी हाक दिली. दोन्ही बदल वेगळ्या ओळींवर, वेगळ्या फाइलींत आहेत; मर्ज विनातक्रार होते, आणि ६.० फॅट व ९.० एसएनएफच्या म्हशीच्या दुधाचा दर ९.० फॅट व ६.० एसएनएफ धरून निघतो.

यावर एकच उपाय आहे: मर्जनंतर, कॉन्फ्लिक्ट आला असो वा नसो, ज्यांची उत्तरे हाताने काढून ठेवली आहेत अशा नमुन्यांवर प्रणाली चालवावी. आम्ही म्हशीसाठी ६.० आणि ९.०, गाईसाठी ३.५ आणि ८.५ हे नमुने, तसेच सर्व कपाती लागू असलेल्या एका उत्पादकाचे पूर्ण बिल ठेवले आहे. पैसा जुळला तरच कमिट होते. याशिवाय सहकाऱ्याच्या बदलांच्या यादीत ज्या फंक्शनचे नाव, क्रम किंवा एकक बदलले असेल, ते नाव `गिट ग्रेप` वापरून आपल्या संपूर्ण कामात शोधावे.

> तपासणी: टप्पा ३ मधील कागद पुन्हा हातात घ्यावा. प्रत्येक फाइलपुढे लिहिलेले दोन्ही हेतू अंतिम फाइलमध्ये बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत.

## टप्पा ८: कमिट, आणि मेनमध्ये नेणे

कॉन्फ्लिक्ट सोडवलेल्या मर्जच्या कमिटचा संदेश आपोआप तयार होतो. तो तसाच ठेवावा, पण खाली काय ठरवले ते लिहावे: "कपात: विमा आणि पूर्णांकन दोन्ही ठेवले." सहा महिन्यांनी हीच ओळ शोधली जाते. मर्जच्या कमिटमध्ये नवे काम मिसळू नये. जाता जाता केलेली सुधारणा तेथे कोणाच्या नजरेस पडत नाही.

त्यानंतर मेनवर जाऊन `गिट मर्ज --एफएफ-ओन्ली ओरिजिन/मेन` देऊन ती ताजी करावी आणि मग आपली ब्रँच `गिट मर्ज --नो-एफएफ` वापरून आणावी. नो-एफएफ दिले नाही तर गिट मेनला नुसते पुढे सरकवते आणि मेनवर स्वतंत्र मर्जची नोंद राहत नाही. त्याचे महत्त्व पुढच्या टप्प्यात कळेल.

मग पुश करावे, म्हणजे मेन सर्व्हरवर पाठवावी. पुश नाकारले गेले, तर सहसा मधल्या काळात कोणीतरी मेनमध्ये काही घातले आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. मेनवर `--फोर्स` कधीही वापरू नये; त्याने त्या व्यक्तीचे काम मेनवरून उडते. मेनवर केलेली ही ताजी मर्ज `गिट रीसेट --मर्ज हेड~१` देऊन मागे घ्यावी, आपल्या ब्रँचवर परत जावे, पुन्हा फेच करावे आणि टप्पा ३ पासून सुरुवात करावी. या खेपेस वाचायचे बदल थोडेच असतात.

## टप्पा ९: चुकीची मर्ज मागे घेणे

कमिट झाली आहे पण पुश केलेली नाही, अशा वेळी त्याच ब्रँचवर `गिट रीसेट --मर्ज हेड~१` पुरेसे असते. शेवटची कमिट ही मर्जचीच आहे, हे आधी `गिट लॉग` वापरून पाहावे.

पुश झाली असेल तर इतिहास बदलू नये. मेनवर `गिट रिव्हर्ट -एम १` आणि पुढे मर्जच्या कमिटचा क्रमांक द्यावा. येथील १ म्हणजे मर्ज करताना तुम्ही ज्या ब्रँचवर उभे होता ती बाजू, जी कायम ठेवायची आहे. म्हणूनच मेनवर नो-एफएफने झालेली मर्ज हवी. ती नसेल आणि तुम्ही आपल्या ब्रँचमधील, म्हणजे टप्पा ४ मधील, मर्जची कमिट याच आदेशाने उलटवली, तर तुमचे काम तसेच राहील आणि मेनमधील इतरांचे बदल निघून जातील.

रिव्हर्टनंतरची एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. ब्रँचमधील चूक दुरुस्त करून ती पुन्हा मेनमध्ये आणली, तर फक्त नव्या दुरुस्त्या येतात. जुने काम येत नाही, कारण गिटच्या नोंदीप्रमाणे ते आधीच मर्ज झालेले असते. अशा वेळी प्रथम त्या रिव्हर्टच्या कमिटचे रिव्हर्ट करावे, म्हणजे जुने काम परत येते, आणि त्यावर दुरुस्त केलेली ब्रँच मर्ज करावी. त्यानंतर टप्पा ७ मधील नमुना बिले पुन्हा एकदा, सर्व कपातींसह, चालवून पाहावीत.